गंभीर रुग्णांची शुश्रूषा : अरण्यातील दोन जिल्ह्यांचा धडा

अतिदक्षता विभाग म्हटला की शहरातील वाचकाच्या डोळ्यांसमोर काचेआडची खोली, पडद्यावर धावणारी हिरवी रेषा आणि व्हेंटिलेटरचा एकसुरी आवाज उभा राहतो. वैद्यकशास्त्राच्या व्याख्येत मात्र खोलीला स्थान नाही. मेंदू, हृदय, फुफ्फुसे, मूत्रपिंडे यांपैकी एखाद्या महत्त्वाच्या इंद्रियाचे कार्य ढासळू लागले आहे, तातडीने आधार न मिळाल्यास मृत्यू जवळ आहे, आणि आधार मिळाल्यास रुग्ण बरा होण्याची शक्यताही आहे, अशा अवस्थेतील रुग्णाला गंभीर रुग्ण म्हणतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत असा रुग्ण अनेकदा झोपडीत, खाटेच्या डोलीत, रुग्णवाहिकेत किंवा सामान्य वॉर्डातील साध्या पलंगावर असतो. गेल्या तीन-चार दशकांतील संशोधनाचा एक मोठा प्रवाह याच रुग्णाभोवती फिरत आहे आणि त्यातील काही मूलभूत काम गडचिरोलीच्या मातीत झाले आहे.

अंतर हाच पहिला आजार

२६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चांदा जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १४ हजार ४०० चौरस किलोमीटर असून तीनचतुर्थांश भूभाग वनाखाली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या १० लाख ७३ हजारांच्या घरात, तर शेजारच्या चंद्रपूरची २२ लाखांवर होती. दक्षिणेकडील भामरागड हे तालुक्याचे ठिकाण जिल्हा मुख्यालयापासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे; सिरोंचा त्याहून दूर. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्यांच्या संगमावरील भामरागडचा संपर्क पावसाळ्यात पुरामुळे वारंवार तुटतो. नेमक्या याच दिवसांत मलेरिया, सर्पदंश आणि अतिसार यांचे रुग्ण वाढतात. गडचिरोलीहून नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणखी पावणेदोनशे किलोमीटर अंतरावर आहे.

अपघात किंवा आघातानंतरचा पहिला तास हा ‘सुवर्णतास’ मानला जातो. दुर्गम पाड्यावरील रुग्णाचा हा तास डांबरी रस्त्यापर्यंत पोहोचण्यातच संपतो. त्यामुळे येथे शुश्रूषेचा विचार रुग्णालयाच्या दारापासून सुरू करून चालत नाही. तो रुग्णाच्या घरापासून सुरू करावा लागतो.

हातांनी सुरू झालेले शास्त्र

अतिदक्षता शास्त्राचा जन्मही यंत्रांच्या गर्दीत झालेला नाही. १९५२ मध्ये डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची मोठी साथ आली. श्वसनाचे स्नायू निकामी झालेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण दगावले. तेव्हा ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने रुग्णाच्या श्वासनलिकेला छेद देऊन तीत नळी बसविण्याची आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास देण्याची पद्धत अवलंबिली. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून महिनोन्महिने पिशव्या दाबल्या आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. एका जागी रुग्ण, सतत निरीक्षण आणि वेळेवर आधार या तीन तत्त्वांवर आजचे अतिदक्षता विभाग उभे आहेत.

पुढील संशोधनानेही यंत्रापेक्षा ते वापरण्याच्या पद्धतीला अधिक महत्त्व दिल्याचे दिसते. अमेरिकेत झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, फुफ्फुसांना तीव्र इजा झालेल्या रुग्णांना व्हेंटिलेटरद्वारे मोठ्या श्वासांऐवजी लहान श्वास दिल्यावर मृत्यूंचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. २०१३ मध्ये फ्रान्समधील चाचणीने अशा रुग्णांना दिवसातील बराच काळ पालथे झोपविल्याने २८ दिवसांतील मृत्यू ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर येतात, असे दाखविले. २०२० मध्ये कोविडच्या साथीत डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू ४१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आणले. या तिन्ही उपायांना नव्या यंत्राची गरज नव्हती.

गडचिरोलीचे संशोधन

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था १९८६ पासून गडचिरोलीत कार्यरत आहे. बालकांच्या न्यूमोनियावरील तिचा अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गावातील प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी बालकाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखावा आणि प्रतिजैविक द्यावे, अशी ही पद्धत होती. उपचाराच्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी आढळले.

त्यानंतरचा प्रश्न अधिक कठीण होता. नवजात बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरणे, म्हणजेच सेप्सिस, ही अतिदक्षता विभागातच हाताळायची अवस्था मानली जात असे. परंतु रुग्णालयात जाण्यास कुटुंबे तयार नसत किंवा जाऊ शकत नसत. तेव्हा ३९ गावांत ‘आरोग्यदूत’ म्हणून स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. जन्मतः गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, वजन घेणे, ऊब राखणे, सेप्सिसची लक्षणे ओळखणे आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे ही कामे त्या घरोघरी करू लागल्या. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गावांतील नवजात मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे ६२ वरून सुमारे २५ वर आला, तुलनेच्या ४७ गावांत तो साठाच्या आसपासच राहिला. सेप्सिस झालेल्या बाळांतील मृत्यूंचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्के झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००९ मध्ये नवजात बाळांसाठी गृहभेटींची शिफारस केली आणि २०११ पासून भारतात आशा कार्यकर्तींमार्फत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

रुग्णालयातील नवजात शुश्रूषेनेही पुढे अशीच साधी वाट धरली. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अत्यल्प वजनाच्या बाळाला प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच आईच्या उघड्या छातीशी ठेवल्यास २८ दिवसांतील मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर येतात, असे आढळले. त्यासाठी नवजात अतिदक्षता कक्षात आईलाही जागा द्यावी लागते.

‘सर्च’च्या २०१५ मधील आणखी एका अभ्यासाने अनेकांना चकित केले. गडचिरोलीच्या ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासली असता पक्षाघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण निघाले. सातातील एक मृत्यू त्याने झाला होता. पक्षाघाताने दगावलेल्यांपैकी सुमारे ८७ टक्के रुग्णांनी घरीच प्राण सोडला. शहरात पक्षाघाताच्या रुग्णाला साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळविणारे औषध देण्याची धडपड असते. येथे बहुसंख्य रुग्ण मेंदूच्या स्कॅनपर्यंतही पोहोचत नाहीत. अशा ठिकाणी गावपातळीवर रक्तदाब मोजणे व तो आटोक्यात ठेवणे हाच अतिदक्षता विभागाचा भार कमी करण्याचा खात्रीचा मार्ग ठरतो.

मेंदूचा मलेरिया

बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेथे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी विजेविना, अपुऱ्या साधनांनी माडिया समाजातील ज्या रुग्णांवर उपचार केले, त्यांत मेंदूच्या मलेरियाने बेशुद्ध झालेले आणि अस्वलाने जखमी केलेले रुग्णही असत. आजही महाराष्ट्रातील मलेरियाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा मोठा आहे आणि त्यात प्राणघातक फॅल्सिपेरम जातीचे प्रमाण लक्षणीय आहे.

अनेक दशके अशा रुग्णांना शिरेवाटे क्विनाइन दिले जाई. भारत, बांगलादेश, म्यानमार आणि इंडोनेशिया या देशांतील १,४६१ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात क्विनाइन घेणाऱ्यांपैकी २२ टक्के, तर आर्टेसुनेट घेणाऱ्यांपैकी १५ टक्के रुग्ण दगावले. २०१० मध्ये आफ्रिकी बालकांवरील मोठ्या चाचणीने हाच निष्कर्ष पक्का केला. आर्टेसुनेटचे इंजेक्शन स्नायूतही देता येत असल्याने प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिली मात्रा देऊन रुग्णाला पुढे पाठविणे शक्य होते.

मात्र पहिली मात्रा म्हणजे संपूर्ण उपचार नव्हे. गुदद्वारावाटे दिलेल्या आर्टेसुनेटमुळे दूरच्या गावांतील बालकांना लाभ होतो, असे २००९ मधील चाचणीत दिसले होते. पुढे काँगो, नायजेरिया आणि युगांडा येथे ही योजना प्रत्यक्षात राबविली असता मृत्यू कमी झाल्याचे दिसून आले नाही. पुढील रुग्णालयात पोहोचण्याची आणि तेथे औषधांचा क्रम पूर्ण होण्याची साखळी तुटत होती. गडचिरोलीसारख्या जिल्ह्याने लक्षात ठेवावा असा हा अनुभव आहे.

सर्पदंश : श्वासाचा आणि रक्ताचा प्रश्न

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे महाराष्ट्रातील चार प्रमुख विषारी साप. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू, म्हणजे दरवर्षी सरासरी ५८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट भारताने २०२४ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात ठेवले.

मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला दंश करते. सूज नसते, वेदना नाममात्र असते. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, शब्द अडखळतात आणि श्वसनाचे स्नायू थकू लागतात. प्रतिविष दिले तरी मज्जातंतूंच्या टोकांना झालेली इजा भरून येण्यास काही दिवस लागतात. या काळात कोणी श्वास देत राहिले, तर रुग्ण पूर्ण बरा होऊन घरी जाऊ शकतो. कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांनी केलेले काम येथे रुग्णवाहिकेतील परिचारकाला अंबू बॅग दाबत करावे लागते. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. ती तपासण्यासाठी काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन ते २० मिनिटे न हलविता ठेवायचे आणि गोठले की नाही ते पाहायचे, एवढी साधी चाचणी पुरते. वीज नसलेल्या केंद्रातही ती करता येते.

ग्रामीण रुग्णालयातून जगाला धडा मिळू शकतो, याचे उदाहरण महाराष्ट्रात याआधीही घडले आहे. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने हृदय निकामी होऊन दर शंभरात तीस-चाळीस रुग्ण दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध त्यासाठी वापरून हे प्रमाण अत्यल्प पातळीवर आणले. त्यांचे निष्कर्ष १९८० च्या दशकापासून आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध होत गेले.

उन्हाचा तडाखा आणि सिकलसेल

चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही उन्हाळ्यात देशातील सर्वाधिक तापमानाच्या ठिकाणांत गणली जातात. येथे पारा ४५ अंशांपुढे जाणे नवे नाही. कोळसा खाणी, बांधकामे आणि तेंदूपाने गोळा करण्याचा हंगाम यांमुळे हजारो श्रमिक याच दिवसांत उन्हात असतात. शरीराचे तापमान ४० अंशांवर जाऊन शुद्ध हरपणे हा उष्माघात होय. यात नेहमीचा क्रम उलटा करावा लागतो. रुग्णाला आधी जागीच गार पाण्याने, बर्फाने वा ओल्या कापडाने आणि वाऱ्याने थंड करावे, मग हलवावे. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरले तर मेंदू आणि मूत्रपिंडे वाचण्याची शक्यता खूप वाढते. तापावरील नेहमीच्या गोळ्यांचा येथे उपयोग होत नाही.

पूर्व विदर्भातील सिकलसेल आजाराचे रुग्णही अचानक गंभीर होतात. छातीत दुखून प्राणवायूची पातळी घसरणे ही त्यांतील सर्वांत घातक अवस्था आहे. साधा ताप समजून रुग्णाला परत पाठविल्यास काही तासांत प्रकृती हाताबाहेर जाऊ शकते. या आजाराच्या निर्मूलनासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय अभियान सुरू झाले असून रुग्णाजवळ आजाराची नोंद असलेले कार्ड असणे तातडीच्या वेळी मोलाचे ठरते.

सलाईनचा धडा

मोठ्या रुग्णालयात सिद्ध झालेला उपचार लहान रुग्णालयात जसाच्या तसा लागू पडतो का, हा आजच्या संशोधनातील कळीचा प्रश्न आहे. सेप्सिसने रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला भराभर सलाईन देणे ही पाठ्यपुस्तकी पद्धत. युगांडा, केनिया आणि टांझानियातील तीन हजारांहून अधिक बालकांवर ती तपासण्यात आली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी खळबळ उडविली. भराभर द्रव दिलेल्या बालकांपैकी साडेदहा टक्के, तर न दिलेल्यांपैकी ७.३ टक्के बालके ४८ तासांत दगावली. २०१७ मध्ये झांबियातील प्रौढ रुग्णांवरील अभ्यासातही सलाईन आणि औषधांचा आक्रमक उपचारक्रम घेतलेल्या गटात ४८ टक्के, तर नेहमीचे उपचार घेतलेल्या गटात ३३ टक्के मृत्यू झाले. मलेरिया, रक्तक्षय, कुपोषण, क्षय यांनी आधीच पोखरलेले शरीर आणि फुफ्फुसांत पाणी साचल्यास व्हेंटिलेटरची अनुपलब्धता, अशा परिस्थितीत उपकारक मानलेला उपाय घातक ठरू शकतो. चंद्रपूर-गडचिरोलीतील अनेक रुग्णांची अवस्था या रुग्णांशी जुळणारी आहे. म्हणूनच परदेशी नियमावली येथे डोळसपणे वापरावी लागते.

याच क्षेत्रातील दुसरी घटना आश्वासक आहे. नखावर दाब देऊन सोडल्यावर गुलाबी रंग किती सेकंदांत परततो, हे पाहून उपचार ठरविणे आणि रक्तातील लॅक्टेटची महागडी तपासणी करून उपचार ठरविणे, यांची तुलना २०१९ मध्ये लॅटिन अमेरिकेतील एका चाचणीत झाली. साधी बोटाची तपासणी महागड्या तपासणीपेक्षा उणी ठरली नाही.

वॉर्डातील अतिदक्षता

भारतातील अतिदक्षता विभागांची मोठी पाहणी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. जिगीषू दिवाटिया यांच्या पुढाकाराने झाली. तिच्यात शंभराहून अधिक विभाग आणि चार हजारांहून अधिक रुग्ण होते. परंतु जो रुग्ण अशा विभागापर्यंत पोहोचतच नाही, तो अशा आकडेवारीबाहेर राहतो. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२ आफ्रिकी देशांच्या पाहणीने नेमके याच रुग्णाकडे लक्ष वेधले. रुग्णालयातील आठांपैकी एक रुग्ण गंभीर होता. त्यांतील दोनतृतीयांशांहून अधिक सामान्य वॉर्डात होते, आणि श्वसन निकामी होत असलेल्यांपैकी निम्म्याहून कमी रुग्णांनाच प्राणवायू मिळत होता.

या वास्तवातून ‘अत्यावश्यक आपत्कालीन व गंभीर शुश्रूषा’ ही संकल्पना पुढे आली. नाडी, श्वासाचा वेग, रक्तदाब, प्राणवायूची पातळी आणि शुद्ध यांची ठरावीक वेळाने नोंद, बेशुद्ध रुग्णाला कुशीवर वळविणे, प्राणवायू लावणे, योग्य प्रतिजैविक वेळेवर सुरू करणे, अशी कामे प्रत्येक वॉर्डात झालीच पाहिजेत, असा तिचा आग्रह आहे. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने आपत्कालीन, गंभीर आणि शस्त्रक्रियाविषयक सेवांचा एकत्रित विचार करणारा ठराव संमत केला.

उरलेली आव्हाने

गेल्या दशकभरात सुविधा वाढल्या आहेत, हे नमूद केले पाहिजे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ मध्ये सुरू झाली. चंद्रपूरला २०१५ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, तर गडचिरोलीच्या महाविद्यालयाला २०२४ मध्ये मान्यता मिळाली. पाच लाखांहून अधिक लोकसंख्येच्या जिल्ह्यांत गंभीर रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष उभारण्याची केंद्राची योजना २०२१ पासूनची आहे. बाळंतपणाची तारीख जवळ आलेल्या स्त्रीला आरोग्य केंद्रालगत आणून ठेवणारी ‘माहेरघर’ योजना अंतराच्या प्रश्नावरचे थेट उत्तर आहे.

तरीही इमारत आणि शुश्रूषा यांत फरक उरतो. व्हेंटिलेटर खरेदी करणे सोपे. रात्री तीन वाजता तो हाताळणारी प्रशिक्षित परिचारिका आणि बिघडल्यास दुरुस्त करणारा तंत्रज्ञ दुर्गम भागात टिकविणे अवघड. प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू देशातील अतिदक्षता विभागांत वाढत आहेत आणि त्यावर हात धुण्याच्या शिस्तीइतका स्वस्त दुसरा उपाय नाही. शासकीय आरोग्य विमा योजना २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. परंतु विमा रुग्णालयाचे बिल भरतो. नागपुरात पंधरा दिवस राहणाऱ्या नातलगांची बुडालेली मजुरी आणि त्यांचा जेवणखर्च भरून निघत नाही.

भाषेचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या आईला बाळाला नळी का घातली हे समजले नाही, तर ती बाळाला घेऊन घरी निघून जाते आणि कागदावर ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रजा’ एवढीच नोंद उरते. आयुष्याच्या अखेरीस कृत्रिम आधार थांबविण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निकाल दिला आणि २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सुलभ केली. हा हक्क रुग्णाच्या कुटुंबाला त्याच्या बोलीत समजावून सांगणारा माणूस रुग्णालयात असणे हादेखील शुश्रूषेचाच भाग आहे. रुग्ण वाचल्यानंतरही स्नायूंची दुर्बलता, विस्मरण आणि नैराश्य महिनोन्महिने राहू शकतात. शेतावर आणि जंगलात राबणाऱ्या माणसासाठी ही दुर्बलता म्हणजे रोजगाराचा अंत ठरू शकते. घरी परतलेल्या अशा रुग्णाचा पाठपुरावा गावातील कार्यकर्तीच करू शकते.

गडचिरोलीच्या अनुभवातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. गंभीर रुग्ण वाचतो तो घर, उपकेंद्र, रुग्णवाहिका, वॉर्ड आणि अतिदक्षता विभाग या साखळीतील प्रत्येक कडीने आपले काम वेळेवर केल्यामुळे. त्यांपैकी शेवटची कडी सर्वांत महाग आहे, तर पहिल्या कड्या स्वस्त आहेत. श्वास मोजणारी आरोग्यदूत, २० मिनिटे नळीकडे लक्ष ठेवणारा डॉक्टर आणि पिशवी दाबत राहणारा परिचारक यांच्या प्रशिक्षणावर व वेतनावर होणारा खर्च हा अतिदक्षता विभागावरील खर्चाचाच भाग मानला गेला, तर या दोन जिल्ह्यांतील अनेक रुग्ण त्या विभागाच्या दारापर्यंत जिवंत पोहोचतील आणि काहींना तेथे जाण्याची गरजही उरणार नाही.